संत्र्याच्या सालींची बरणी

थायरॉइडची गाठ काढली तेव्हा सर्जन म्हणाले होते, गळ्याच्या वळीतच छेद घेतलाय, वर्षभरानं शोधूनही सापडायचा नाही. ते स्वतः गोरेपान होते. मी आईवर गेलेली. लोक बरं वाटावं म्हणून सावळी म्हणतात, एवढंच. ऑपरेशन दिवाळीनंतर झालं आणि संक्रांत येईस्तोवर गळ्यावर चार बोटं लांब, जांभळट काळी रेघ उमटली. वर्षभरानं काय, रस्त्याच्या पलीकडूनही सापडली असती.

मी बँकेत काउंटरवर बसते. समोर आलेला माणूस आधी माझ्या गळ्याकडे बघायचा, मग पासबुक सरकवायचा. एकदा पेन्शन काढायला आलेल्या एका बाईनं काचेखालून हात घालून माझा हात दाबला आणि हळूच विचारलं, "घरी फार त्रास आहे का?" मला कळायलाच वेळ लागला. तिला ती रेघ गळफासाच्या दोराची वाटली होती. मी थायरॉइड म्हटलं, तिनं मान हलवली, पण विश्वास काही बसलेला दिसला नाही. त्या दिवसापासून मी गळ्याभोवती ओढणी गुंडाळून बसू लागले. घरी येऊन आईला हे सांगितलं नाही. उगाच कशाला, म्हटलं.

आईनं मात्र तोवर उपाय हाती घेतला होता. संत्र्याची सालं आमच्या घरात कधी फेकली जात नाहीत. गच्चीवर सुपात वाळायची, मिक्सरमधून निघायची, बरणीत जाऊन बसायची. त्या पावडरीत साय आणि चिमूटभर हळद कालवून ती रोज सकाळी माझ्या गळ्यावर घासायची. साधंसुधं नाही, करपलेलं पातेलं घासावं तसं. मग कोवळ्या उन्हात गच्चीवर बसवायची, लेप वाळेपर्यंत. आग व्हायची. "आग होते म्हणजे मळ निघते," असं तिचं शास्त्र. मीही मुकाट बसायचे. तिच्या हाताला लहानपणापासून सवय होती माझी, आणि माझ्या मानेला त्या हाताची.

होळीपर्यंत रेघ आणखी काळी झाली, दोन्ही बाजूंनी पसरली. मग मी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, काय घासता यावर? मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आपल्या रंगाच्या कातडीला दुखवलं की ती काळी पडते. कापलं तरी, घासलं तरी. वरून ऊन लागलं की आणखीच. रोज घासून घासून तुम्ही जखम ताजी ठेवलीत. ओढणीही सैल ठेवा म्हणाल्या, तीही घासतेच. सिलिकॉनचं जेल दिलं, दोन वेळा पातळ थर, आणि घराबाहेर पडायच्या आधी सनस्क्रीन. गोरं करणारी मलमं मेडिकलमधून मनानं आणू नका, हेही बजावलं. वर्ष लागेल, थोडी खूण राहीलच. मला त्यांचा राग आला नाही. राग मी घरी नेला.

आई गच्चीवर सालंच पसरत होती. मी सूप उचलून उलटं केलं आणि म्हटलं, "तुझ्या हातानं काळं झालंय हे. डॉक्टरच म्हणाल्या." डॉक्टर तसं म्हणाल्या नव्हत्या. आईनं वाकून सालं गोळा केली आणि कचऱ्यात टाकली. बरणी धुऊन पालथी घातली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या केसांना तेल लावणंही तिनं बंद केलं. मला ते समजलं, पण मीही तशीच हट्टी. म्हटलं, बसू दे रुसून.

जेल लावत राहिले. पुढच्या दिवाळीपर्यंत रेघ फिकी होऊन तपकिरी झाली, ओढणी सुटली. फराळाचं ताट घेऊन आलेल्या शेजारच्या काकू माझ्या गळ्याकडे बघून म्हणाल्या, बरं झालं बाई, आता नीट दिसतेस, तेव्हा तुझ्या आईला आम्ही किती समजावलं. कशाबद्दल समजावलं, ते त्या न सांगताच गेल्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सारेच विचारत होते वं. पोरीनं काहून केलं असं, घरात काही झालं का म्हणून. मी म्हणो, गाठ होती. त्यायले पटेच नाही. म्हणून म्हटलं, रेघच पुसून टाकू."

म्हणजे बँकेत मला एका बाईनं विचारलं होतं. आईला अख्खी गल्ली विचारत होती, रोज, आणि तेही माझ्यावर काय जुलूम केला म्हणून. मला फार लाज वाटली. सूप उलटं केलेलं आठवलं.

मी आतून जेलची ट्यूब आणली आणि तिच्यापुढे धरली. म्हटलं, तू लाव. ती म्हणाली, नको, बिघडते माह्या हातानं. मी तिथंच पाटावर बसले आणि मान वर केली, लहानपणी बसायची तशी. ती उठली, साबण लावून दोनदा हात धुतले, पदराला पुसले. एका बोटावर थेंब घेतला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता ठेवत नेला.

"घासून नाही राहिली वं मी," ती म्हणाली.

मी काही म्हटलंच नव्हतं.