डाव्या चपलांची रांग

संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या मैदानावर आलेल्या प्रत्येक पोराला आधी डावी चप्पल काढून शकूताईंच्या खुर्चीपुढं ठेवावी लागे. उजवी कुठंही टाका. डावी मात्र मोहाच्या झाडाखाली, ओळीत. कबड्डी संपली की त्या एकेक चप्पल उचलून हातात देत आणि मगच पोर घरी जाई. एखादी उरली, तर ताई आधी मैदानामागच्या कालव्याकडे धावत.

मी गावात नवा मास्तर होतो. विचारलं, "ताई, हजेरी घेतली तर नाही का चालत?"

"हजेरीत एकासाठी दुसराच ओरडते, गुरुजी. चप्पल खोटं बोलत नाही. अन् एका चपलीनं काट्यातून नहरावर जाते कोण?"

शकुंतला मेश्राम आमच्या गावच्या अंगणवाडी सेविका. तरुणपणी जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळलेल्या. दिवसा लहानग्यांना खिचडी, संध्याकाळी मोठ्यांना चढाई आणि पकड. पदर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. चढाई रंगली की मी टाळ्या वाजवायचो. त्यांची नजर मात्र कडेच्या पोरांवर. "खेळ थे खेळतीन. आपन पोट्टे पाहाचे," असं म्हणत. पाणी प्यायला जोडीनंच जायचं. सामानाच्या खोलीत अंगणवाडीचा गुळाचा डबाही असे; तिला कुलूप लावण्याआधी आत शिरून उंच उडीच्या गाद्यांमागं हात फिरवायचा. हे नियम सगळ्यांना, मलासुद्धा.

एकदा गोंदियाहून एक साहेब पाहणीला आले. चकचकीत बूट. ते मैदानात पाऊल टाकणार तोच ताई म्हणाल्या, "साहेब, डावा बूट."

"मेरा भी?"

"मैदानात उतरला थो माझा पोट्टा."

साहेब एका पायावर लंगडत पाऊण तास पाहणी करत फिरले. पोरांना हसू आवरेना, शेवटी साहेबांनाही. जाताना बूट हातात घेत म्हणाले, "बाई, घर गया तो बीवी को बताऊंगा." ताई म्हणाल्या, "मोजा फाटला आहे, थे बी सांगा."

आता जे पाच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, ते सांगतो.

त्या दिवशी ताई डोळे तपासायला गोंदियाला गेल्या होत्या. मैदान माझ्याकडे होतं. मला ती चपलांची रांग कमीपणाची वाटायची. शिकलेल्या माणसानं चपला काय वाटायच्या! मी पोरांना म्हणालो, "राहू द्या आज." मोबाइलवर क्रिकेटचा सामना चालू होता. सहा वाजता शिट्टी मारली, आत न डोकावता खोलीला कुलूप लावलं आणि घरी गेलो. आत, गाद्यांच्या मागं, नऊ वर्षांची प्राची होती.

थोड्याच वेळात ताई बसमधून उतरल्या. सुखदेव, प्राचीचा बाप, मुलीला हाका मारत कालव्याकडे धावत होता. ताईंनी आपल्याकडच्या दुसऱ्या चावीनं खोली उघडली. पोर आत सुखरूप होती. ओरडा ऐकून मीही पोचलो.

"कोनं लावलं कुलूप?" सुखदेव कालव्यावरून धावत परत आला होता.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात ताई म्हणाल्या, "मैदान माझं. चूक माझी."

मी तोंड मिटलं.

सुखदेवनं प्राचीचं खेळणं बंद केलं. पाच वर्षं तो ताईंशी एक शब्द बोलला नाही. ताईंनी मला काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त स्वतःच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची ओढली. "बसा जी. आजपासून चपला तुमी द्या." तेव्हापासून मी देतोय. कोणाचा पट्टा तारेनं बांधलाय, कोण भावाची दोन बोटं मोठी चप्पल घालून येतो, सारं मला पाठ आहे. आणि खरं सांगायचं तर दिवसातला तोच तास मला सगळ्यात आवडतो.

गेल्या उन्हाळ्यात ताई निवृत्त झाल्या. रायपूरला मुलाकडे निघाल्या. निरोपाला मांडव, तर्री-पोहे, सारा गाव. भाषण माझ्याकडे होतं. कौतुकाची दोन वाक्यं वाचली आणि कागद खाली ठेवला.

"थे कुलूप मी लावलं होतं," मी म्हणालो. सामना, मोबाइल, सगळं सांगितलं. सुखदेव समोरच बसला होता.

मग चौदा वर्षांची प्राची उठली.

"गुरुजी, मी लपली होती. गुळाच्या डब्यापाशी. तुमी कुलूप लावतानी पाह्यलं मी. गूळ बाकी होता, म्हनून ओरडली नाही."

अख्खा मांडव हसला. मीही हसलो. छातीवरचं ओझं आता गेलंच, असं वाटलं.

ताईंनी माइक ओढून घेतला. "लपनं पोट्टीचं काम. तिनं बरोबर केलं. हुडकनं आपलं काम होतं, गुरुजी."

माझं हसू थांबलं. सुखदेव उभा राहिला, हात जोडून. "ताई, पाच वर्षं मी तुमाले..."

"बैस रे खाली. लहानी पोट्टी किती वर्षाची झाली?"

"आठ."

"सोमवारपासून धाड. मोठीलेही."

"पन तुमी तं रायपूरले जाऊन राहिल्या. पाहीन कोन?"

ताईंनी माझ्याकडे बोट केलं. "हे आहेत ना. उशीर लागला, पन खरं बोलाले शिकले."

लोक पुन्हा हसले. सुखदेव हसला नाही. तो माझ्याकडे वळला.

"पाच वाजता ना, गुरुजी?"

"पाचला," मी म्हणालो. "मी पावणेपाचलाच येऊन बसतो."