सात नंबरची पट्टी

आमच्या कॉलेजचं सात दिवसांचं सेवा शिबिर दरवर्षी कुठल्या तरी खेड्यात भरतं. मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा ते आमच्याच गावात भरलं, वडनेरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. सरांनी गावाचं नाव वाचलं आणि सगळ्या वर्गाने माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

शिबिराचा नियम असा की सगळ्यांनी शाळेतच राहायचं, घरी जायचं नाही. ज्या शाळेत मी दहावीपर्यंत शिकले तिथेच सतरंजीवर झोपायचं. व्हरांड्यातून आमचं घर दिसायचं. आईने वाळत घातलेली साडीसुद्धा ओळखू यायची.

पहिल्या दिवशी सरांनी कामं वाटली. कुणाला शोषखड्डा, कुणाला झाडलोट. मला म्हणाले, तू नीट बोलतेस, तू नववीच्या मुलांना दारूचा शरीरावर आणि मेंदूवर काय परिणाम होतो ते शिकव. मी नीट बोलते असं आजवर फार कुणी म्हटलेलं नाही, त्यामुळे मी हो म्हणून बसले. नंतर वाटलं, शोषखड्डा मागायला हवा होता.

कारण माझे बाबा घ्यायचे. किती, ते मला नेमकं सांगता येणार नाही. पण आमच्या घरात आई न घेतलेले दिवस लक्षात ठेवायची, घेतलेले नाही. बाबा बांधकामावर जातात. भिंत उंच गेली की खालून एक जण विटा फेकतो आणि बाबा वर उभे राहून त्या झेलतात. दिवाळीच्या सुमारास एक वीट त्यांच्या पायावर पडली आणि अंगठ्याचं नख काळं झालं. खालच्याने वाकडी फेकली, असं ते म्हणाले. आम्ही त्या खालच्याला घरातल्या घरात बरंच बोललो होतो.

नववीतली सगळी मुलं गावातली. माझी काळजी एवढीच होती की त्या वर्गात बाबांचा विषय निघू नये.

तसा तो निघण्याचं कारणही नव्हतं, कारण आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. उद्घाटनाला पोलीस पाटलांनी सांगितलंच, की आपल्या गावात दारू नाही, तरी मुलांना माहिती असलेली बरी. मागे बसलेल्या माणसांनी गंभीरपणे माना डोलावल्या. त्यातल्या एकाने मान डोलावताना खांब धरला होता.

मी वहीत अकरा पानं उतरवून नेली होती. यकृतापासून सुरुवात केली. मुलं जांभया देऊ लागली. म्हणून मी लहान मेंदूवर आले आणि विचारलं, दारूने तोल जातो म्हणजे काय होतं? एक मुलगा उठला आणि थेट डुलत चालूनच दाखवायला लागला. इतकं हुबेहूब, की ते कुणाचं चालणं आहे ते मीही ओळखलं. नशिबाने ते शेजारच्या गल्लीतलं होतं. मी घाईने पुन्हा यकृतावर आले.

मग मी सांगितलं की तुमच्या वयात मेंदू अजून घडत असतो, विशी ओलांडून जाईपर्यंत घडत राहतो, म्हणून या वयातली दारू जास्त नुकसान करते. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. दोन घट्ट वेण्या, खिशाला दोन पेनं. ती आमच्या घरामागेच राहते.

“ताई, म्हणजे तुमचाही मेंदू अजून घडूनच राह्यला का?”

मी म्हटलं, हो, माझाही. तिने ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी पट्टी नेली. लाकडी, तीस सेंटिमीटरची. एकाने पट्टी वरच्या टोकाला धरायची, दुसऱ्याने खाली शून्यापाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. न सांगता पट्टी सोडायची. जितक्या लवकर धरली तितका आकडा लहान. मी समजावलं की डोळा पाहतो, मेंदू हुकूम देतो, हात हुकूम पाळतो. दारू प्यायलेल्याच्या मेंदूत तो हुकूम उशिरा निघतो, म्हणून पट्टी जास्त सरकते. मुलं खूश झाली. वर्गभर पट्ट्या पडू लागल्या.

वेण्यांच्या मुलीने पुन्हा हात वर केला. तिला एक शंका होती. वर्गात सगळे न घेणारेच आहेत. मग घेणाऱ्याची पट्टी कुठे आहे?

मी म्हटलं, ते पुस्तकात दिलेलं आहे.

ती म्हणाली, “पण विज्ञानाचे सर म्हणते का निरीक्षण आपण सोताच करा लागते.”

मला तिला खोटं पाडता येईना. मी चाचरत म्हटलं की करायचंच असेल तर आपापल्या आळीत, घरच्या आणि शेजारच्या माणसांचं करा, उजेड आहे तोवर, आणि कुणाचंही नाव लिहू नका, नुसता नंबर लिहा. मला वाटलं की मी फार सावधपणे बोलले.

त्या संध्याकाळी गावात जे झालं ते मी शाळेच्या फाटकातून पाहिलं. नववीची मुलं पट्ट्या घेऊन ओट्याओट्यावर फिरत होती. पानटपरीवरची माणसं पट्टी दिसली की उठून निघून जात होती. दोघं मात्र टपरीमागे एकमेकांसाठी पट्टी सोडून सराव करत होते. पोलीस पाटलांनी पट्टी धरली, ती चौदावर. ते लगेच म्हणाले, हे ‘न घेणारे’मध्ये लिही.

अडचण इथेच होती. तक्त्यात दोन रकाने होते, घेणारे आणि न घेणारे. मी घेतो असं आमच्या जिल्ह्यात कोण सांगणार? म्हणून वेण्यांच्या मुलीने कुणाला विचारलंच नाही. गावाला जे माहीत आहे त्याप्रमाणे तिने रकाने भरले.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी सकाळी तिने तक्ता माझ्यापुढे धरला. घेणाऱ्यांमध्ये बावीस, सव्वीस, अठ्ठावीस असे आकडे होते. माझ्या पुस्तकाशी अगदी जुळणारे. मी खूश होणार, एवढ्यात खाली सात नंबर दिसला. त्याच्यापुढे लिहिलं होतं, सहा. साऱ्या गावात इतक्या लवकर पट्टी दुसऱ्या कुणीही धरली नव्हती.

मी विचारलं, हे कोण? तिने नुसती आमच्या घराकडे मान केली.

मी खरं तेच सांगते. मला पहिल्यांदा थोडा अभिमान वाटला. मग दुपारची आठवण झाली. दुपारी समारोप होता. तिथे हा तक्ता भिंतीवर लागणार आणि मी सगळ्यांसमोर सांगणार की दारूने हात मंदावतो, आणि गावातला सगळ्यात चपळ हात घेणाऱ्यांच्या रकान्यात. नाव लिहिलं नव्हतं, पण गावात बाबांना ओळखायला नाव लागत नाही. मी तिला विचारलं, हा एक नंबर गाळला तर चालेल का?

तिने तक्ता छातीशी धरला. “ताई, तुम्हीच तर सांगतलं का निरीक्षण बदलवाचं नाई.”

मी तिला असं कधी सांगितलं होतं ते मला आठवत नाही. पण सांगितलं असणार.

दुपारी शाळेच्या पटांगणात मांडव होता. पुढे सर आणि पोलीस पाटील, मागे गाव. मी यकृत, लहान मेंदू, हुकूम, सगळं सांगितलं. तक्त्याकडे पाठ करून सांगितलं. तरी मागून एकाने विचारलंच, तो सहा कोणाचा? दुसरा म्हणाला, घेणाऱ्याचा आहे, म्हणजे घेतली का हात चांगला चालते. मांडव हसला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, काही अपवाद असतात, आणि वहीची पानं उलटू लागले.

तेव्हा मागे कडुनिंबाखाली बाबा उभे असलेले दिसले. कामावरूनच आले होते, पायांवर सिमेंट होतं.

“सात नंबर मी आहो,” ते म्हणाले. “पण त्या दिवशी मी घेतली नव्हती.”

वाक्य साधं होतं, पण त्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. आमच्या गावात आजवर कुणीही चारचौघांत, त्यातही पोलीस पाटलांसमोर, एखाद्या दिवसाबद्दल असं बोललं नव्हतं. पोलीस पाटलांनी खिशातून फोन काढला आणि न वाजलेला फोन कानाला लावून मांडवाबाहेर गेले.

बाबांनी पुढे सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. पोरीचं शिबिर गावात आहे म्हणून आल्या दिवसापासून घेतली नाही. ही पोट्टी आली, तिने काही विचारलं नाही, पट्टी सोडली, मी धरली.

आईने पहिल्या रांगेतून त्याला दुजोरा दिला. हे वेळेवर जेवायला बसतात आणि पोटभर जेवतात, त्यामुळे आठवडाभर भाकरी पुरत नाहीत, असं तिने सगळ्यांना ऐकवलं. मला हे काहीच माहीत नव्हतं. मी तर नियमाप्रमाणे घरी गेले नव्हते.

वेण्यांची मुलगी पेन घेऊन तक्त्यापाशी पोचली होती. “मंग काका, तुम्हाले कोन्त्या रकान्यात टाकू?”

बाबांनी विचार केला. “त्या दिवशीचा मी तिकडं टाक,” ते म्हणाले. “बाकीच्या दिवसाचं तू इचारलं कुठं?”

तिने सात नंबर खोडून पलीकडे लिहिला. मग मात्र माणसं उठायलाच लागली. बावीसवाले म्हणाले, मीही घेतली नव्हती. सव्वीसवाले म्हणाले, मी तर घेतच नाही. मुलीने विचारलं, मग अठ्ठावीसवर कोणी धरली? अठ्ठावीसवाले मागून म्हणाले, तो मी, आणि ते वयामुळे आहे. पाच मिनिटांत घेणाऱ्यांचा रकाना रिकामा झाला. सर उठले आणि प्रयोगातून गाव दारूमुक्त असल्याचं दिसून आलं म्हणून त्यांनी गावाचं अभिनंदन केलं. पोलीस पाटील तेव्हा फोनवरून परत आले आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

माझ्या धड्याचं काय झालं ते मला कळलं नाही. मुलांना कळलं असावं. ती पोट धरून हसत होती आणि कुणाचाच डोळा तक्त्यावरून हलत नव्हता.

शिबिर संपलं आणि मी पिशवी घेऊन बाबांबरोबर घरी निघाले. दहा मिनिटांचा रस्ता. अर्ध्यावर ते म्हणाले, “ते हुकुमाचं काय सांगून राह्यलती तू? मले मागून आयकू नाई आलं.”

मी पुन्हा सांगितलं. डोळा पाहतो, मेंदू हुकूम देतो, हात ऐकतो. घेतली की हुकूम उशिरा निघतो. ते ऐकत चालले होते. मग थांबले आणि आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले. काळं नख अर्धं वर सरकलं होतं, खालून नवं येत होतं.

“म्हणजे त्यानं वीट सरळच फेकली होती,” ते म्हणाले.

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मला नीट बोलता येत नाही, हे सरांना अजून माहीत नाही.

घरी गेल्यावर त्यांनी पट्टी ठेवून जायला सांगितलं. ती आता आमच्या दाराच्या खिळ्याला टांगलेली असते. शनिवारी मी हिंगणघाटहून घरी येते तेव्हा पिशवी ठेवायच्या आत ती काढते आणि बाबांसमोर उभी राहते. काही शनिवारी ते आधीच बोटं पुढे करून बसलेले असतात आणि आकडा मोठ्याने वाचायला लावतात, म्हणजे घरामागे वेण्यांच्या मुलीला ऐकू जावा. काही शनिवारी म्हणतात, राहू दे, हात ओले आहेत. मग मी पट्टी पुन्हा खिळ्याला अडकवते, आणि आई पीठ थोडं कमी काढते.