निलगिरीखालची माती

पालेगावच्या त्या काळ्या चिकट जमिनीवर घर बांधू नये हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. पावसात एकदा चप्पल रुतली की पुरे. तरी आम्ही घरं बांधली. अंबरनाथ स्टेशनजवळचे भाव झेपत नव्हते, काय करणार! गंमत एवढीच, की आमच्यातला श्यामकांत टिपणीस खरोखरच मातीचा तज्ज्ञ होता.

मुंबईच्या एका प्रयोगशाळेत मातीच्या वड्या यंत्राखाली दाबायच्या आणि कुठली किती भार सोसून फुटते ते बघायचं, यात त्याचा जन्म गेला. रविवारी माझ्या ओट्यावर बसला की विषय तोच. चिकणमातीचे कण म्हणे पत्त्यांसारखे चपटे. मधे पाणी शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरकतात, माती फुगते, मऊ पडते. पाणी गेलं की घट्ट चिकटतात, माती आकसते आणि दगड होते. मी उघड उघड जांभया द्यायचो, पण गडी थांबत नसे.

त्याच्या मुलीनं, मीनलनं, शाळेत वाटलेलं निलगिरीचं रोप स्वयंपाकघराच्या कोपऱ्याशी लावलं होतं. सत्त्याऐंशी साली कावीळ उलटून ती गेली. नववीत होती. श्यामकांत आठवड्याभरात कामावर रुजू झाला, त्यानंतर तिचं नावही कधी काढलं नाही. मला त्याचा राग यायचा. त्याची बायको, आमच्या सुहासिनीवहिनी, त्या झाडाची वाळकी फांदीसुद्धा कुणाला तोडू देत नसत.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला बोट जाईल एवढी तिरकी भेग पडली. श्यामकांत म्हणाला, "निलगिरी मातीतलं पाणी ओढतेय. कोपरा खचतोय. झाड काढावं लागेल."

वहिनी भांडल्या, रडल्या, जेवायच्या बंद झाल्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "घर तरी राहील ना?"

"राहील," तो म्हणाला.

गावातला हरिचंद्र कुऱ्हाड घेऊन आला. तोही कुरकुरला, "हिरवा झार हाय सायेब, कशाला तोरता?" श्यामकांत घरातून बाहेरच आला नाही.

दोन पावसाळे गेले. पाणी ओढणारं आता कुणी नव्हतं. माती पोटभर प्यायली, फुगली आणि खचलेला कोपरा वर उचलू लागली. भिंतीला दुसरी भेग गेली, फरशी उकलली, मागचं दार लागेना. मी दार तासून द्यायला रंधा घेऊन गेलो होतो, तेव्हा वहिनी चहा घेऊन आल्या.

"म्हणजे झाड होतं म्हणून घर खचत होतं, आणि नाही म्हणून उचलतंय?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"हो."

"असं होणार हे तुम्हाला माहीत होतं?"

त्या वेळी तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

"माहीत होतं," तो म्हणाला. "पण ते वाढतच होतं गं. रोज खिडकी उघडावी तर आणखी थोडं उंच. मला बघवत नव्हतं." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्यादेखत हमसून हमसून रडला.

मला वाटलं, वहिनी जवळ जातील. त्या ट्रे धरून तिथंच उभ्या राहिल्या.

"हे मला सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या. "मी सकाळी उठत होते ती ते बघायलाच."