पुढची ओळ वाचा

कुणी नवी वस्तू हातात दिली, की अण्णा आधी ती उलटी करायचे. फोन असो, कानात घालायच्या हेडफोनची डबी असो, पुढची बाजू ते बघतच नसत. चष्मा कपाळावर सरकवायचा, वस्तूच्या पाठीवरून अंगठा फिरवायचा आणि विचारायचं, "उघडायचं कुठून?"

बहुतेक वस्तूंना उघडायला जागाच नसायची. मग ते वस्तू परत करत. "ही तुझी नाही गं. तुला वापरायला दिलीय."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. त्याच्याशी बोलायला मजा येते, पण मीटिंगला त्याला बोलवायचं की नाही याचा सगळे विचार करतात.

नागपूरहून बंगळूरला येऊन मी बोम्मसंद्र्याच्या ज्या कारखान्यात लागले, तिथं अण्णा टेस्टिंगचे प्रमुख होते. आम्ही लॉगर बनवायचो. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी. दवाखान्यातल्या लसींच्या फ्रिजमध्ये ती ठेवायची, म्हणजे दर दहा मिनिटांनी आतलं तापमान ती टिपून ठेवते. फ्रिज दोन ते आठ अंशांत राहिला पाहिजे. फार गरम झाला तर लस खराब, आणि काही लसी गोठल्या तरी खराब. त्या नोंदीवरून फ्रिज ठीक आहे की नाही हे मोबाइलवर सांगणारं अॅप लिहायचं काम माझ्याकडे होतं.

अण्णांचं घराणं मराठी, पण बंगळूरचंच. "तीनशे वर्षं झाली म्हणतात. मी नव्हतो तेव्हा." त्यांच्या मराठीत मध्येच कानडी शिरायचं, "जरा थांब"च्या जागी "स्वल्प थांब" यायचं, वाक्य "सरी", म्हणजे "बरं", म्हणून संपायचं. पहिले काही दिवस मला हसू यायचं. सहा महिन्यांनी मी आईला फोनवर "स्वल्प थांब" म्हणाले.

त्यांच्या टेबलामागं खिळ्याला मेलेल्या चार्जरांची माळ टांगलेली होती. नव्या माणसाला ते ती दाखवायचे. "यातला एक तरी दुसऱ्या फोनला लागतो का बघ. लागत नाही, कारण लागू नये असं कुणीतरी ठरवलं. खुर्चीत बसून, चहा पीत ठरवलं." त्यांचा राग यंत्रावर कधीच नसायचा, त्या खुर्चीतल्या माणसावर असायचा.

आणि राग ते टिकवायचे. मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग सुटी मिळत नाही, नवं भांडंच घ्या, असं एका कंपनीनं त्यांना कळवलं. अण्णांनी दर महिन्याला एक पत्र लिहायला सुरुवात केली. अडीच वर्षांनी कंपनीनं वैतागून रिंग पाठवली. अण्णांनी शेवटचं पत्र लिहिलं: "रिंग मिळाली. राग अजून आहे." ही गोष्ट त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, मला सांगितली, तेव्हा आम्ही दोघी हसलो होतो. तो माणूस हे सगळं गंमत म्हणून करत नाही, हे मला पुढं कळलं.

कँटीनमध्ये एकदा कुणीतरी फोनवर आलेला मेसेज मोठ्यानं वाचत होता, लसींमुळे मुलांना काय काय होतं त्याचा. अण्णांनी ताटातून मान वर केली. "माझ्या धाकट्या बहिणीला पोलिओ झाला. लस आमच्या गल्लीपर्यंत आलीच नव्हती तेव्हा. ती जन्मभर काठी घेऊन चालली. तो मेसेज तिला वाचून दाखवशील?" त्यानं फोन खिशात ठेवला. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "पण माझा विश्वास लसीवर आहे, फ्रिजवर नाही. फ्रिजची नोंद दाखव, मग बोलू."

आमच्या लॉगरची पूर्ण नोंद मात्र गिऱ्हाइकाला दिसत नसे. ती कुलूपबंद फाइलमध्ये साठायची, फक्त आमचं अॅप ती उघडायचं. अण्णा डायरेक्टरांना पुन्हा पुन्हा सांगत, फाइल साधी ठेवा, कुठल्याही कंप्युटरवर उघडेल अशी. डायरेक्टर पुण्याचे, चाळिशीतले, हसतमुख. ते म्हणायचे, "काका, फॉरमॅट ओपन केला तर कस्टमर उद्या दुसऱ्याकडे जाईल. हे तुमच्या काळातलं नाही."

अॅप दिवसाची सरासरी काढायचं आणि ती ठीक असली की हिरवी खूण दाखवायचं. ते गणित मी लिहिलं होतं. डायरेक्टरांनी तसंच मागितलं होतं.

मग ते झालं. बोम्मसंद्र्यातल्याच एका छोट्या दवाखान्यातल्या फ्रिजचा थर्मोस्टॅट शनिवारी बिघडला. रविवारी पहाटे आतलं सगळं गोठलं, दुपारी वीज गेली आणि तो गरम झाला. दोन्ही मिळून सरासरी आली पाच अंश. सोमवारी तिथल्या सिस्टरनं फोनवर हिरवी खूण पाहिली आणि आसपासच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या मुलांना लसी टोचल्या. आठवड्यानं तिथल्या डॉक्टरांना एका कुपीचा संशय आला. गोठलेली लस हलवून ठेवली की तिचा गाळ लवकर खाली बसतो. तसा तो बसत होता. त्यांनी आमच्याकडे पूर्ण नोंद मागितली.

अण्णांनी फाइल उघडली आणि अर्ध्या तासात अहवाल लिहिला. लस गोठली होती. मुलांना अपाय नाही, पण संरक्षणही मिळालं नसणार. सगळ्यांना परत बोलवा. चूक अॅपची आहे.

त्याच महिन्यात मोठी सरकारी ऑर्डर ठरायची होती. डायरेक्टरांनी अहवाल बदलायला सांगितलं. 'सिस्टरने लॉगर फ्रिजबाहेर काढला असावा, त्यामुळे नोंद विश्वासार्ह नाही.' अण्णांनी सही केली नाही. मग कागद माझ्यापुढं आला.

मी सही केली. का केली याची कारणं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होते. घराचं भाडं, नवी नोकरी, मी एकटी. आता ती कारणं इथं पुन्हा लिहीत नाही.

त्या अहवालावरून दवाखान्यानं सिस्टरला काढून टाकलं, मुलांना परत बोलावलंच नाही. दोन दिवसांनी अण्णांनाही जायला सांगितलं. संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळी, सगळे रांगेत असताना, फाटकावर त्यांची पिशवी रिकामी करायला लावली. वॉचमन त्यांच्या ओळखीचा होता, तो एकेक वस्तू टेबलावर मांडत गेला. डबा, छत्री, चार्जरांची माळ. डायरेक्टर काचेच्या खोलीतून बघत होते. अण्णांनी डबा उघडून दाखवला, आतली उरलेली चित्रान्नाची चार शितंसुद्धा दाखवली. माझ्याजवळून जाताना थांबले. "एकतीस वर्षं काम केलं इथं," एवढंच म्हणाले. "सरी."

पुढचं मला सिस्टरनं सांगितलेलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा तिच्या दारात उभे होते. मुलांची नावं तिला पाठ होती. दोघं बोम्मसंद्र्याच्या वस्तीत दारोदार फिरले. ती बिहारी, उडिया बायांना हिंदीत समजवायची, अण्णा मागं छत्री धरून उभे. "तुमच्या मुलाला काही झालेलं नाही, पण लस परत घ्यावी लागेल." काहींनी दार लावलं. एका बापानं अण्णांची कॉलर धरली. सगळी मुलं शोधायला त्यांना जवळजवळ दोन महिने लागले. तीन कुटुंबं गाव सोडून गेली होती, ती मिळाली नाहीत. त्या घरांतल्या तीन मुलांची नावं अण्णा कधीकधी जेवताना मध्येच घ्यायचे, असं अक्का म्हणाल्या.

याच सुमाराला एक व्हिडिओ करणारा माणूस कोरमंगल्याला त्यांच्या घरी आला. लाखो लोक त्याचं बघायचे. त्यानं सांगितलं, अंकल, कॅमेऱ्यापुढं एवढंच म्हणा की मुलांना खराब लस टोचली. आठवड्यात कंपनी बंद पडेल.

अक्का चहा घेऊन उभ्याच होत्या. त्या मला नंतर म्हणाल्या, "मला वाटलं, हे हो म्हणणार. रात्ररात्र झोपत नव्हते ते, डायरेक्टरचं नाव घेऊन दातओठ खायचे."

अण्णांनी विचारलं, "आणि बघणाऱ्या आया उद्या मुलांना घेऊन दवाखान्यात जातील?"

तो म्हणाला, तो आपला प्रश्न नाही.

"माझा आहे. मला तो माणूस बुडवायचाय. पोरं नाही बुडवायची. जा तू."

त्यांनी दुसरी वाट धरली आणि ती भयंकर कंटाळवाणी होती. अशा यंत्रांचे नियम ठरवणारी एक समिती असते. तज्ज्ञ म्हणून साधा माणूसही तिथं अर्ज करू शकतो. अण्णांनी केला. पुढची चार वर्षं त्यांनी एकही बैठक चुकवली नाही. बाकीचे जेवणानंतर पेंगायचे, हे मसुद्याचा प्रत्येक स्वल्पविराम वाचायचे. त्यांनी दोन कलमं लिहिली आणि ती पुढं रेटत राहिले. पहिलं, नोंदीची फाइल कुणालाही, कुठल्याही कंप्युटरवर, फुकट वाचता आली पाहिजे. दुसरं, सरकारी खरेदीत उतरायचं असेल तर कंपनीनं आधी विकलेल्या यंत्रांच्या जुन्या फाइलीही मागेल त्याला तशाच उघडून द्यायच्या.

समितीतल्या एकानं त्यांना विचारलं होतं, हे दुसरं कलम कशासाठी? अण्णा म्हणाले, "सुडासाठी. पण कलम बरोबर आहे का बघा." त्यानं बघितलं. कलम बरोबर होतं.

नियम लागू झाला त्या आठवड्यात सिस्टरनं आपल्या दवाखान्याची फाइल मागितली आणि सरकारकडे चौकशीचा अर्ज केला. डायरेक्टरांना नकार देता येईना. मलाही बोलावणं आलं, अहवालावर माझी सही होती म्हणून.

खोली लहान होती, पंखा आवाज करत होता. तीन अधिकारी, डायरेक्टर, मी, सिस्टर आणि तिच्या बाजूनं बोलायला अण्णा. खूप बारीक झाले होते. मी नमस्कार केला, त्यांनी घेतला नाही.

डायरेक्टरांनी छापील कागद पुढं सरकवला. "डेटा सबमिट केलाय, सर. सेल्फ एक्स्प्लनेटरी आहे."

अण्णा म्हणाले, "यांनी वाचून दाखवावा."

अधिकाऱ्यांनी मान हलवली. डायरेक्टर वाचू लागले. शनिवार रात्र, पाच अंश. चार. तीन. मग ते म्हणाले, "असं बरंच आहे, समरी सांगतो."

"पुढची ओळ वाचा," अण्णा म्हणाले.

एक अंश. शून्य. उणे एक.

"स्वल्प जोरात. सिस्टरना ऐकू येत नाही."

दर दहा मिनिटांची एक ओळ. उणे दोन. उणे तीन. दरवेळी डायरेक्टर थांबले की अण्णा तेच म्हणायचे, त्याच आवाजात. पुढची ओळ वाचा. पाऊण तास ते चाललं. डायरेक्टरांच्या कपाळावरून घाम कागदावर पडत होता. शाई पसरली तर अण्णांनी आपल्याकडची दुसरी प्रत पुढं केली. मी अण्णांच्या चेहऱ्याकडं बघत होते. त्यावर दया नव्हती. त्यांना मजा येत होती, आणि ते ती लपवत नव्हते. लॉगर बाहेर काढला असता तर तो उणे तीनपर्यंत गेलाच नसता, हे शेवटी अधिकाऱ्यांनीच म्हटलं.

मग अण्णा माझ्याकडं वळले. "ही सही कुणाची?"

"माझी."

"फाइल उघडून बघितली होतीस?"

"हो."

"मग?"

"तरी केली."

"लिहून घ्या," ते अधिकाऱ्यांना म्हणाले.

सिस्टरला नोकरी परत मिळाली. कंपनीची निविदा बाद झाली, मालकांनी डायरेक्टरांना काढलं. मीही राजीनामा दिला, मागितला जाण्याआधी. आज बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात साध्या पदावर आहे. पहिल्या महिन्यातच मी मॅनेजरला एका कागदावर सही करायला नाही म्हटलं. क्षुल्लक होता तो कागद.

नाही म्हटलं त्याच आठवड्यातल्या रविवारी मी कोरमंगल्याला गेले. दार अक्कांनी उघडलं. अण्णा मागं, गल्लीतल्या पेइंग गेस्ट हॉस्टेलमधल्या कुणा मुलीचा फोन खोलून बसले होते. मी उभीच राहिले.

"बस," ते म्हणाले. "माफ केलेलं नाही. चहा घे."

त्यानंतर दर रविवारी मी जात राहिले. एकदा धीर करून विचारलं, ते सगळं करून बरं वाटलं का? लोक म्हणतात, सुडानं काही मिळत नाही. अण्णा म्हणाले, "खोटं कशाला सांगू. फार बरं वाटलं. त्या रात्री मी आठ तास झोपलो." मग म्हणाले, "ती तीन पोरं मिळाली असती तर अजून बरं वाटलं असतं."

माफीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही नाही.

अण्णा मागच्या वर्षी गेले. सकाळी पेपर वाचताना, खुर्चीतच. पाचव्या दिवशी मी अक्कांजवळ बसले होते, सिस्टर आत भात लावत होती. बेल वाजली. दारात माजी डायरेक्टर, हातात गुलाबांचा हार. केस पांढरे झालेले.

"मी... सरांना भेटायला," ते म्हणाले. 'भेटायला' हा शब्द चुकला हे त्यांच्या लक्षात आलं.

अक्कांनी त्यांना आत यायला जागा दिली नाही. आवाजही चढवला नाही.

"ते घरी नाहीत," त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

खिडकीतून मला ते दिसत होते. हार चपलांच्या कपाटावर ठेवून ते पायरी उतरून गेले. अक्का परत येऊन माझ्या शेजारी बसल्या, पदरानं हात पुसले.

"जेवून जा गं," त्या म्हणाल्या. "भात होतच आलाय."