शकूताईंची चाळीस पानं

कुणालाही पुस्तक देण्याआधी शकूताई आठल्ये एकच प्रश्न विचारायच्या, “तुला डर कशाचा वाटतो?” नाव, शिक्षण, आवडनिवड सगळं नंतर. मला त्यांनी हे पहिल्याच भेटीत, जिन्यात विचारलं. माझ्या एका हातात भाजीची पिशवी होती, दुसऱ्या हातात सात वर्षांच्या ऋचाचं मनगट.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. ह्यांची बँकेतली बदली नागपूरहून बनारसला झाली होती आणि रामघाटाजवळच्या एका गल्लीत आम्ही दोन खोल्या घेतल्या होत्या. शकूताई वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या.

“सगळ्याचाच,” मी खरं ते सांगून टाकलं. दारावरून मणिकर्णिकेकडे जाणाऱ्या तिरड्यांची मला भीती वाटे. वाट अडवून उभ्या राहणाऱ्या सांडांची, कौलांवरच्या माकडांची वाटे. सगळ्यात जास्त भीती होती ती ऋचाचा हात गर्दीत सुटेल याची.

डॉक्टर नाडी बघतो तसं त्यांनी मला नीट न्याहाळलं. मग वर जाऊन एक जाडजूड इंग्रजी कादंबरी घेऊन आल्या. मुखपृष्ठावर दोन सूर्य होते.

“हे घे. ह्यात एक बाई अशा ग्रहावर उतरते, जिथे तिला कुणाची बोली समजत नाही. बिल्कुल तुझ्यासारखी. पन्नास पानं नुसती डरत बसते. मग बघ काय करते ती.”

“माझं इंग्रजी बेताचंच आहे हो.”

“मग हळू वाच. डर पण हळूहळू लागेल.”

चार पिढ्या काशीत गेलेल्या घरातल्या त्या. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या. मराठी अस्सल, पण मधूनमधून हिंदी डोकावणारी. शहराच्या दुसऱ्या टोकाला, अस्सी घाटाकडच्या एका लॉजवर त्यांची जुनी विद्यार्थिनी काम करायची. परदेशी प्रवासी जाताना खोलीत टाकून गेलेली पुस्तकं ती शकूताईंकडे पोचवायची. त्यांतली गुरूंची, योगाची पुस्तकं त्या परत पाठवत. अंतराळयानं, दुसरे ग्रह, अजगर, जादूगार ठेवून घेत. गल्लीतल्या बायका त्यांना ‘राक्षसांची पुस्तकं’ म्हणत. पण त्याच बायकांचे नवरे, सासरे हळूच जिना चढायचे. शेजारच्या वेदपाठशाळेतले एक वयस्कर गुरुजी तर दर पंधरवड्याला यायचे.

“गुरुजींना म्हातारपणाचा डर आहे,” त्या मला कुजबुजत सांगत. “त्यांना काळात मागे जाणारी पुस्तकं मानवतात. इंग्रजी येत नाही, मी मराठीत सांगते. कुठे बोलू नकोस हं.”

दोन वर्षं अशी गेली. थंडीतल्या एका सकाळी शहरात कुठेतरी दगडफेक झाली आणि अकराच्या सुमाराला कर्फ्यू लागल्याची बातमी गल्लीत आली. हे बलियाला बँकेच्या कामावर गेलेले. ऋचाची शाळा पार अस्सीच्या बाजूला. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फोनवर शाळेचा निरोप आला : रिक्षा बंद आहेत, मुलांना घेऊन जा. घाटांवरून चालत जावं म्हणून मी धावत निघाले, तर दशाश्वमेधापाशी पोलिसांनी सगळ्यांना मागे हाकललं. परत आले तेव्हा माझ्या एका पायात चप्पल नव्हती.

शकूताई जिन्यात उभ्या होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, “नावेनं जाऊ.”

“तुम्ही?”

“तुला मल्लाहांशी बोलता येत नाही. चल.”

ओळखीचा नावाडी, लल्लन मल्लाह, आधी तयारच होईना. शकूताईंनी त्याच्या बायकोला शिकवलं होतं. त्यांनी नुसतं तिचं नाव घेतलं, तेव्हा त्यानं दोर सोडला. नावेत पाय ठेवताना त्यांनी माझं मनगट धरलं, ते इतकं घट्ट की मला हाड दुखल्याचं जाणवलं. त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते. लल्लन मुद्दाम पलीकडच्या वाळूच्या अंगानं नाव हाकत होता. शहरावर दोन ठिकाणी धूर दिसत होता. एकदा काठावरून शिट्टी वाजली, कुणीतरी ओरडलं. लल्लन वल्ही थांबवून खाली वाकला आणि नाव उलटी वाहू लागली. आता गोळी येणार, असं मला वाटलं. ऋचाला घ्यायला कोणीच पोचणार नाही, एवढंच डोक्यात होतं. शिट्टी थांबली. वल्ही पुन्हा चालू झाली.

अस्सीला उतरून गेलो तर शाळेच्या फाटकाशी ऋचा आणि आमच्याच बाजूच्या दोन मुली रडत उभ्या होत्या. तिघींना घेऊन आम्ही परत निघालो. नावेत मुली मोठ्यानं रडू लागल्या तसा लल्लन वैतागला, “आवाज मत करो!” तेव्हा शकूताईंनी, डोळे न उघडता, गोष्ट सुरू केली. एक ग्रह, सगळा पाण्यानं भरलेला. लाकडी तराफ्यांवर गावं. दोन बहिणी. पाण्याखाली बुडालेल्या शहरात दिवे लागलेले दिसतात म्हणून दोघी बुडी मारतात. त्यांचा आवाज कापत होता, पण गोष्ट थांबत नव्हती. मुली गप्प झाल्या. शिंदे घाट दिसू लागला.

“आणि मग धाकटीचा हात सुटतो,” शकूताई म्हणाल्या आणि थांबल्या.

“पुढे?” ऋचानं विचारलं.

“पुढचं मला येत नाही.”

रामघाटाला उतरताना त्यांना उभंच राहता येईना. लुगडं मागून ओलं झालं होतं. “नावेत पाणी होतं ग,” त्या म्हणाल्या. नाव कोरडी होती. मी माझी शाल त्यांच्या कमरेभोवती गुंडाळली आणि त्यांना घरी आणलं.

त्या संध्याकाळी त्यांनी आपणहून सांगितलं. अकरा वर्षांच्या असताना त्या आणि धाकटी बहीण इंदू नावेत होत्या. शिंदे घाटासमोर नाव कलली. इंदूचा हात शकूताईंच्या हातात होता, तो सुटला. आईनं मरेपर्यंत एकच विचारलं, “तू हात का सोडलास?” त्यानंतर थेट त्या दुपारपर्यंत त्या नावेत बसल्या नव्हत्या. मुलींना सांगितलेली गोष्ट ज्यातली, ते पुस्तक त्यांच्या कपाटात होतं. धाकटीचा हात सुटतो त्या पानावर त्यांनी ते मिटलं होतं. शेवटची चाळीस पानं राहिली होती.

“सगळ्या दुनियेला पुस्तकं वाटते,” त्या म्हणाल्या, “आणि हे एक मला वाचवत नाही.”

तीन वर्षांनी त्यांचं हृदय थकलं. जिना बंद झाला, मग पलंगावरून उठणंही. एका दुपारी त्यांनी मला ते पुस्तक काढायला लावलं. “तू मराठीत सांगत वाच. मी ऐकते. एकटीनं नाही होत.”

चार दुपारी मी वाचत होते. मोठी बहीण खाली खाली जात राहते, दिव्यांच्या रस्त्यांतून, बंद दारांतून. मला पुढचं पान उलटायची भीती वाटत होती. चौथ्या दिवशी ते आलंच. धाकटी सापडत नाही. मी अडखळले. तिला जिवंत करून टाकावं, असं मनात आलं.

“नीला,” त्या डोळे मिटून म्हणाल्या, “लिहिलंय ते सांग.”

मी सांगितलं. धाकटी सापडत नाही. मोठी एकटी वर येते. तराफ्यावर लोक जमलेले असतात.

त्यांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, “तिला कुणी रागावतं का ग?”

मी पानाकडे पाहिलं. दोनच ओळी उरल्या होत्या. त्यांत फक्त समुद्र होता आणि उजाडत होतं.

“नाही, शकूताई. तिची आई पुढे येते. तिला कापडात गुंडाळते आणि म्हणते, तू आलीस ना.”

“असं लिहिलंय?”

“हो.”

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मी पुस्तक उशाशी ठेवून खाली आले, आणि मग आपण काय केलं ते माझ्या ध्यानात आलं. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. पुस्तक हाताशीच होतं. आयुष्यभर ज्याला घाबरल्या ते ऐकायची हिंमत त्यांनी केली होती, आणि मी त्यात खोटं घुसवलं होतं. त्या संध्याकाळी माझा वर जायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा त्या उशांना टेकून बसल्या होत्या. चष्मा डोळ्यांवर. पुस्तक मांडीवर, शेवटच्या पानाशी उघडं. मी दारातच थबकले. त्यांनी पुस्तक मिटलं आणि माझ्यापुढे केलं.

“ऋचाला दे. आता ती मोठी झाली,” त्या म्हणाल्या. “आणि तिला तूच वाचून दाखव. तुझं भाषांतर मूळ पुस्तकाहून चांगलं आहे.”

त्यानंतर अकराव्या दिवशी शकूताई गेल्या.