बाहेर कोण बसलंय?

"बाहेर कोण बसलंय?" खेळ सुरू करण्याआधी सर प्रत्येकाला हे विचारायचे.

आमच्या मेडिकल कॉलेजात दुर्बिणीची ऑपरेशनं शिकवणारा एक खेळ आला होता. पडद्यावर पेशंटचं पोट, हातात दोन दांडे. नीट कापलं की गुण, चुकलं की पडदा लाल. ते मशीन सांभाळायचं काम माझं. सर निवृत्त सर्जन. हात थरथरायला लागले तसं त्यांनी ऑपरेशन सोडलं, पण शिकवायला रोज दुपारी यायचे. घरी दुसरं कुणी नव्हतं. रविवारी फोन करून विचारायचे, "उद्या लॅब उघडणार ना?"

शिकाऊ डॉक्टर हसायचे. "सर, खेळातल्या पेशंटचं बाहेर कोण असणार?"

"गंगापूरकडची बाई आहे. बाहेर नवरा बसलाय. आता कर सुरू."

नेहमी गंगापूरकडचीच बाई. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, एकच गोष्ट धरून बसणारी. मला वाटायचं, वयाचा परिणाम.

एकदा एका शिकाऊ डॉक्टरकडून खेळात मोठी रक्तवाहिनी कापली गेली. पेशंट गेला. त्यानं हसत 'पुन्हा खेळा'चं बटण दाबायला हात नेला, तेवढ्यात सरांनी पडदाच बंद केला.

"आधी बाहेर जाऊन नवऱ्याला सांग."

आणि स्वतः व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. तो गडी आमच्याकडे बघून डोळा मिचकावत बाहेर गेला. "सॉरी काका, पेशंट वाचला नाही."

सरांनी मान वर केली. "सकाळी तर बोलत व्हती, साहेब."

तो सरांच्या शेजारी बसला. त्या दिवसापासून लॅबचा नियमच झाला: पेशंट गेला की आधी बाकावर, मग पुन्हा खेळ.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "सर, ती बाई खरी होती का?"

"होती." चष्मा पुसत म्हणाले, "मी बाहेर गेलो नाही. सिस्टरला पाठवलं, आणि मागच्या दारानं निघून गेलो."

पुढं कॅनडातल्या मुलीनं त्यांना कायमचं तिकडं न्यायचं ठरवलं. जायला आठ दिवस असताना सर म्हणाले, "माझ्यासोबत एका ठिकाणी येशील? एकट्याला जमायचं नाही."

त्या बाईच्या गावाचं नाव त्यांना पाठ होतं. गंगापूरपर्यंत एसटी, पुढं जीप. तिचा नवरा शेतातल्या घरासमोर बाजेवर बसला होता, सरांच्याच वयाचा. सरांनी उभ्यानंच सांगितलं, "तुमच्या मालकिणीचं ऑपरेशन मी केलं होतं."

त्यानं निरखून पाहिलं. "तुमाला तर बघितलंच नाय मी."

"नाही. मी बाहेर आलोच नाही. माझ्या हातून चूक झाली होती."

सर पुढं म्हणाले, "भूल द्यायच्या आधी तिनं एक निरोप दिला होता. म्हणाली, मालक सकाळपासून उपाशी असतील, त्यांना कुणीतरी जेवायला सांगा. तेवढंही मी तुम्हाला सांगितलं नाही."

म्हाताऱ्यानं कपाशीकडं तोंड फिरवलं. तिकडंच बघत म्हणाला, "लई काळजी करायची." आणि बाजेवर थोडा सरकला. सर बसले.

मी रस्त्यावर येऊन थांबले.

सर आता कॅनडात आहेत. कधीमधी फोन येतो. तब्येत, हवा, एवढंच. मी लॅबचं काहीबाही सांगते, ते ऐकतात, मग म्हणतात, "बरं, ठेवतो."

फोन ठेवला की मला ती दुपार आठवते. बाजेवर पाठमोरे दोन म्हातारे, मधे हातभर जागा. गंगापूरला परत नेणाऱ्या दोन जीप माझ्यासमोरून गेल्या. मी एकीलाही हात केला नाही.