शालिग्रामांची तबकडी

बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातले शालिग्राम सकाळच्या गाडीने नेपानगरला जात, कागद कारखान्याच्या गोदामात दिवसभर रिळांची नोंद ठेवत आणि संध्याकाळी घरी आले की चिनी मातीच्या वाट्यांत पाणी भरून जलतरंग वाजवत. ही विद्या वडिलांकडून आलेली. दत्तात्रयमास्तर मराठी शाळेत शिकवायचे. छप्पन साली विदर्भ वेगळा निघाला, बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं आणि मास्तरांना उतारवयात हिंदीतून शिकवायची वेळ आली. तेही त्यांनी नेटाने निभावलं. वाजवण्यात मात्र तडजोड नाही. आलापीत एका वाटीचा नाद पुरता विरल्याशिवाय दुसरीला काडी लावायची नाही, हा त्यांचा दंडक होता.

१९७० च्या फेब्रुवारीत मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीने शालिग्रामांना बोलावलं. सतार, सॅक्सोफोन, इलेक्ट्रिक गिटार, ड्रम असं सगळं एकत्र करून एक मोठी तबकडी निघणार होती. तसल्या संगीताचं तेव्हा परदेशात वेड होतं. शालिग्राम दोन दिवसांची रजा काढून गेले. परतल्यावर त्यांनी बायकोला, शारदाला, सांगितलं की आपली आलापी ऐकून सॅक्सोफोनवाल्या गोव्याच्या गृहस्थाने बाकीच्यांना थांबवलं. अडीच मिनिटं नुसतं जलतरंग ठेवलं. "दादांनी शिकवलं तसंच वाजवलं गं," ते म्हणाले. वडिलांपुढे मात्र हे बोलायची सोय नव्हती. "बाजेवाल्यांच्या पंगतीत वाट्या मांडून आलास," एवढं म्हणून मास्तरांनी जे तोंड फिरवलं, ते जवळजवळ नऊ महिने मुलाशी बोलले नाहीत.

दिवाळीनंतर तबकडी टपालाने आली. कव्हरवर नारिंगी-जांभळी वेटोळी, मध्ये एक मिटलेला डोळा. मास्तर तोवर दम्याने अंथरुणाला खिळले होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. शालिग्रामांच्या मनात एकच होतं, दादांनी ही एकदा ऐकावी. कारखान्यातला गिरधर रविवारी विजेवर चालणारा प्लेअर आणणार होता. पण घरचा चावीचा ग्रामोफोन का चालणार नाही, हे शारदाला सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं. तिला वाटलं, नवी तबकडी नव्या यंत्रावर वाजवायची हौस असेल.

बारा नोव्हेंबरला, गुरुवारी दुपारी, मास्तरांनी तिला हाक मारली. "शारदा, त्याची ती तबकडी आलीय म्हणे. लाव बघू."

"मामंजी, रविवारी मशीन येतंय. तेव्हा हेही घरी असतील."

"रविवार मला दिसेल असं कोणी सांगितलं तुला? आणि आपल्या यंत्राला काय धाड भरलीय?"

तिला आनंदच झाला. आपणहून त्यांनी मुलाचं नाव काढलं होतं. तिने पदराने तबकडी पुसली, चावी भरली आणि मास्तरांच्या शिस्तीप्रमाणे जुनी सुई काढून कोरी, टोकदार सुई बसवली. दुसऱ्या बाजूला सुरुवातीलाच जलतरंग आहे, हे तिला ठाऊक होतं.

आधी खरखर झाली. मग वाट्या अशा वाजल्या की जणू कढईत फुटाणे उडताहेत. शारदा गोंधळली, पण असल्या संगीतात असंच असेल म्हणून उभी राहिली. मास्तरांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"आवर आता," ते म्हणाले. "एवढी कसली घाई होती त्याला?"

संध्याकाळी शालिग्रामांनी तबकडी उजेडात धरली. लोखंडी सुईने तिच्यावर पांढरे ओरखडे काढले होते. ते रागावले नाहीत. वडिलांच्या उशाशी बसून समजावू लागले, की ही तबकडी मिनिटाला तेहतीस फेरे घेते, आपलं यंत्र अठ्ठ्याहत्तर फिरवतं. वर्गात उशिरा आलेल्या पोराची सबब ऐकावी तसं मास्तरांनी ते ऐकून घेतलं.

"यंत्राचं काय वैर आहे तुझ्याशी?"

मग शालिग्रामांनी वाट्या मांडल्या आणि तीच आलापी वाजवली, संथ, एकेक वाटी निवू देत. शारदा दाराशी उभी होती. इतकं सुरेख त्यांनी आयुष्यात वाजवलं नव्हतं, असं तिला वाटलं.

"हे माझ्यासमोर वाजवतोयस," मास्तर म्हणाले. "तिथं मी नव्हतो."

रविवारी गिरधर प्लेअर घेऊन आला, तेव्हा मास्तर शुद्धीवर नव्हते. सुई घसरत राहिली. दोन-तीन वाट्या तेवढ्या ओळखू आल्या. मंगळवारी पहाटे मास्तर गेले. शालिग्रामांनी कंपनीला पत्र घातलं. उत्तर आलं, थोड्याच प्रती काढल्या होत्या, आता एकही शिल्लक नाही.

तेराव्याच्या जेवणानंतर गिरधरने विचारलं, "बाबूजींनी ऐकली का हो अखेर?"

शालिग्रामांनी एकदा शारदाकडे पाहिलं. "ऐकली ना. आवडली म्हणाले."

पुढची एकोणीस वर्षं, ते होते तोवर, कोणीही विचारलं की ते हेच सांगत. हळूहळू त्यात भर पडत गेली. दादांनी मान कशी डोलावली, कोणत्या वाटीला वाहवा म्हणाले, पुन्हा लावायला कसं सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा. मग ते शारदाबाईंकडे वळून म्हणायचे, "हिला विचारा, हीच होती तेव्हा घरात."

आणि शारदाबाई हो म्हणायच्या.